तीनशे अठरा क्रमांकाचे पत्र

महबूब बुरोंडकरला रिकामी जागा बघवत नाही. एखाद्या अर्जातला रकाना त्याला लागू नसला, तर तिथे तो पट्टीने आडवी रेघ ओढतो. नुसता सोडून देत नाही. शाळेतही तो असाच होता. बुरोंडी गावाहून दापोलीला यायचा आणि माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा. उत्तर येत नसले तरी प्रश्न कोरा ठेवायचा नाही. काहीतरी लिहायचा, आणि ते इतक्या देखण्या अक्षरात लिहायचा की मी अर्धा गुण देऊन मोकळा व्हायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झाले त्यात त्या अर्ध्या गुणांचाही थोडा हात असावा असे मला आता वाटते.

महबूब आज अठ्ठावन्न वर्षांचा आहे. कुवेतला येऊन त्याला एकतीस वर्षे झाली. अंगाने बारीक, केस मागे वळवलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेने, एक निळे आणि एक लाल. मी दर हिवाळ्यात माझ्या मुलीकडे, श्वेताकडे, कुवेतच्या सलवा भागात दोन-तीन महिने राहायला येतो, तेव्हा शुक्रवारची नमाज आटोपून तो मला भेटायला येतो. हातात त्याच्या बायकोने, रहिमाने, दिलेला डबा असतो, आणि डब्यात बहुतेक सांदणे. तो खुर्चीच्या कडेवर बसतो. नीट टेकून बस असे मी कितीदा तरी सांगितले असेल; तो 'हो गुरुजी' म्हणतो आणि कडेवरच राहतो.

अठ्ठावीस वर्षे त्याने इथल्या अर्दिया भागातल्या गोदामांमधल्या एका कंपनीत पत्रव्यवहार सांभाळला. कंपनी सिमेंट, नळ आणि फरशांची होती. आलेले पत्र आवक वहीत, गेलेले पत्र जावक वहीत, प्रत्येकाला क्रमांक. कॉम्प्युटर आल्यावरही त्याने वह्या सोडल्या नाहीत. तिथे त्याच्या आधीपासून बाळासाहेब नावाचे साताऱ्याचे एक गृहस्थ होते, त्यांनी त्याला हे काम शिकवले. दुसऱ्याच वर्षी महबूबकडून जावक वहीतला एक क्रमांक चुकून सुटला. एकशे सेहेचाळीसनंतर त्याने थेट एकशे अठ्ठेचाळीस टाकला आणि पत्रे रवाना झाल्यावर त्याच्या लक्षात आले. तो रडकुंडीला आला होता. बाळासाहेबांनी वही पुढे ओढली, एकशे सत्तेचाळीससमोर एका गिऱ्हाइकाचे नाव लिहिले आणि विषयात लिहिले, 'स्मरणपत्र'. मग त्याला सांगितले, "नंबर रिकामा दिसला की तपासणीवाला तिथंच बोट ठेवतो. स्मरणपत्र टाकून दे. स्मरणपत्र कुणी उघडून बघत नाही." अठ्ठावीस वर्षांत असे प्रसंग सात-आठ वेळा आले आणि प्रत्येक वेळी महबूबने तेच केले. त्यात काही खोटे आहे असे त्याला कधी वाटले नाही. ती त्या कामातली एक रीतच होती.

कंपनी बंद पडली तेव्हा महबूब पंचावन्न वर्षांचा होता. त्या वयात दुसरी नोकरी कोण देणार? आणि नोकरी नाही तर इकामा नाही. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तो मालकाच्या सहीवर चालतो. सगळे गुंडाळून दापोलीला परत जायचे त्याने ठरवलेही होते. त्याची मुलगी हिबा इथेच जन्मली, इथल्याच एका दवाखान्यात औषधे देण्याच्या खिडकीवर काम करते. तिला सोडून जायचे या विचाराने रहिमा घरात मुकी झाली होती. अशात कुणीतरी त्याला अबू फहद यांच्याकडे पाठवले.

अबू फहद शहात्तर वर्षांचे कुवेती गृहस्थ. त्यांचा मोठा बंगला श्वेताच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे आहे. त्यांचे आजोबा मोती घेऊन मुंबईला जात आणि रुपये घेऊन येत. त्या काळी कुवेतच्या बाजारातही आपला रुपयाच चालायचा. दिनार आला तो १९६१ साली. अबू फहद स्वतः लहानपणी वडिलांबरोबर तीन वर्षे मुंबईत राहिलेले, त्यामुळे जुन्या वळणाची हिंदी बोलतात. आजोबांच्या पेटीतले ते रुपये कुठे आणि कसे बनत असतील, हे कुतूहल त्यांना म्हातारपणी लागले. लंडनच्या एका लिलावात त्यांनी हिंदुस्थानातल्या एका जुन्या सरकारी टांकसाळीच्या दोन जावक वह्या विकत घेतल्या. दोन्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या, इंग्रजीत हाताने लिहिलेल्या. त्या वाचून प्रत्येक पत्राची यादी करायला त्यांना माणूस हवा होता. अक्षर लावता येईल, कंटाळणार नाही आणि पान फाडणार नाही असा. महबूबने पहिल्याच दिवशी एक पान घडघड वाचून दाखवले. इकाम्यावर अबू फहद यांची सही झाली.

त्या वहीबद्दल महबूब इतके बोलायचा की मला ती न पाहताही पाठ झाली होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पाने. पत्र लिहून झाले की त्यावर हे पान ओलसर करून दाबत आणि त्याची नक्कल उतरवून घेत, आणि तीच नक्कल दप्तरात राही. टांकसाळीचा प्रमुख कोणाकोणाला लिहितो आहे, तर सगळ्यांना. कोळसा ओला आला. चांदी वितळवायच्या मुशी बोटीतच तडकल्या. झिजलेले ठसे चार जणांच्या समितीसमोर फोडून टाकले, अहवाल सोबत. जमिनीच्या फळ्या उचलून खालची धूळ जाळली आणि त्यातून इतकी चांदी निघाली. चांदीचा कस लावणाऱ्या मदतनिसाला बहिणीच्या लग्नासाठी बारा दिवसांची रजा हवी आहे. द्यावी की न द्यावी? हे सगळे महबूब असे सांगायचा, जणू शेजारच्या कचेरीतली गोष्ट. पुढच्या शुक्रवारी आल्यावर मी विचारायचो, "काय रे, मिळाली का त्याला रजा?" तो खुशीत मान हलवायचा. "आठ दिवस मिळाली, गुरुजी. चार कापली."

टांकसाळीच्या त्या कारकुनाचे नाव वहीत कुठेच नव्हते, पण महबूबला तो माणूस ओळखीचा झाला होता. त्याचा 'डी' डावीकडे वळतो, घाईत असला की तारखेखालची रेघ विसरतो, महिनाअखेरीस अक्षर लहान होते. "दमतो बिचारा," असे महबूब एकदा म्हणाला होता.

पहिल्या वहीत एक ते चारशे बारा क्रमांकांची पत्रे होती. तीनशे सतरावर आल्यानंतर महबूबने पान उलटले, तर पुढचे पत्र तीनशे एकोणीस. पानांवर छापील आकडे होते ते त्याने तपासले. चारशे दोननंतर चारशे तीन. मध्ये एकही पान गेलेले नव्हते. तीनशे सतराची तारीख नऊ, तीनशे एकोणीसची अकरा. म्हणजे कोणी काही चोरले नव्हते की फाडले नव्हते. दीडशे वर्षांपूर्वी त्या दमलेल्या कारकुनाकडून एक क्रमांक सुटला होता, इतकेच.

महबूबने काय करायला हवे होते हे कोणीही सांगेल. त्याने काय केले ते मला त्याने पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितले. यादीत तीनशे अठरासमोरचा रकाना पांढरा दिसत होता. अबू फहद रोज संध्याकाळी यादी वाचायचे. ते विचारणार, हे पत्र कुठे गेले. वही तर आपल्याच ताब्यात. आणि तो कारकूनही उगाच उघडा पडणार. त्याने तारीख टाकली दहा, विषय टाकला 'कोळशाबद्दल स्मरणपत्र', आणि गोषवाऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ असा : यापूर्वीच्या दोन पत्रांना आपले उत्तर नाही. भट्टी थंड आहे आणि माणसे हात बांधून बसली आहेत. लिहून झाल्यावर त्याला बरे वाटले, म्हणाला. मग तो चहा प्यायला गेला.

यादी पुरी झाली, अबू फहद खूश झाले, दुसरी वही सुरू झाली. सात महिने काही झाले नाही.

या हिवाळ्यात मी आलो आणि पहिल्याच शुक्रवारी महबूब डब्याशिवाय आला. डबा बसमध्ये विसरला होता. बोलताना लाल पेनाचे टोपण काढी, लावी, काढी. मी तब्येत विचारली, हिबाचे विचारले. सगळे ठीक होते. निघताना दारात त्याने मला विचारले, "गुरुजी, माणसाचं एखादं वाक्य फार चांगलं उतरलं तर त्याचा त्रास होऊ शकतो का?" मला काही समजले नाही. मी म्हणालो, अजून तरी मला तसा अनुभव नाही. तो हसलासुद्धा नाही.

झाले होते ते असे. अबू फहद यांनी आपल्या दिवाणखान्यात, म्हणजे जिथे इथले लोक पाहुण्यांना घेऊन बसतात त्या दिवाणियात, एक छोटे प्रदर्शन भरवायचे ठरवले होते. आजोबांचे रुपये आणि टांकसाळीची पत्रे. मांडणीसाठी डॉक्टर नूरा नावाच्या इतिहासाच्या एक प्राध्यापिका येत होत्या. त्यांनी महबूबची यादी वाचून सहा पत्रे निवडली. पहिलेच तीनशे अठरा. चारशे पत्रे वाचली, त्या अबू फहदना म्हणाल्या, पण कारखाना डोळ्यांसमोर उभा राहिला तो या एका ओळीत. हात बांधून बसलेली माणसे. हे पत्र मधोमध ठेवू, आणि ही ओळ अरबीत मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावू.

ती माणसे टांकसाळीची नव्हती. ती अर्दियाच्या गोदामातली होती. ट्रक उभा आहे आणि माणसे हात बांधून बसली आहेत, हे वाक्य महबूबने सिमेंटच्या व्यापाऱ्यांना अठ्ठावीस वर्षांत किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही.

डॉक्टर नूरा परीक्षांच्या कामात होत्या. मूळ पत्रे बघायला त्या तीन आठवड्यांनी येणार होत्या. ते तीन आठवडे महबूबने कसे काढले हे मी जवळून पाहिले. पहिला आठवडा त्याने शोधण्यात घालवला. वहीत कोळशाबद्दल आणखी चार पत्रे होती. त्यातले एखादे त्या जागी बसते का? एकात भट्टीचा उल्लेख होता, पण माणसांचा नाही. सरकारी पत्रांत माणसे हात बांधून बसत नाहीत. तिथे 'कामात व्यत्यय' येतो. दुसऱ्या आठवड्यात तो स्वतःशी हिशेब मांडू लागला. मार्चमध्ये इकाम्याची मुदत संपते. सही अबू फहद यांची. आपण खोटे लिहिले हे कळल्यावर ते कशाला सही करतील? आणि नाही केली तर या वयात, इतक्या वर्षांनी, कारण काय सांगून जायचे? गावात काय सांगायचे?

रहिमा एका दुपारी श्वेताकडे आली. मला सलाम करून कोचावर बसली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी विचारा त्यांना. माझ्याशी बोलत नाय. काल आमटीत दोनदा मीठ घातलानी आणि दोनदा जेवले. काय झालांय ता मला कोण सांगेल?" तिला वाटत होते की त्यांना काही आजार निघाला आहे आणि ते लपवत आहेत. हिबाने तर घरी न विचारताच आपल्या दवाखान्यात त्याच्या रक्ताच्या तपासणीची वेळ घेऊन ठेवली होती.

त्या शुक्रवारी मी त्याला श्वेताच्या घरी बोलावले नाही. आम्ही समुद्राच्या कडेला बाकावर जाऊन बसलो. वारा गार होता. तिथे त्याने मला सगळे सांगितले, बाळासाहेबांपासून. मग खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. पातळ बटर पेपर, मिठाईच्या डब्यात घालतात तसा. त्यावर शाईने एक इंग्रजी पत्र लिहिले होते. 'डी' डावीकडे वळलेले. तारखेखाली रेघ नाही.

"हा सराव. वहीच्या शेवटी आकडे नसलेली वीस पानं कोरी आहेत," तो म्हणाला. "त्यातल्या एकावर हेच उतरवायचं."

मी कागद धरून बसलो. अक्षर फार सुंदर होते. दुसऱ्याच्या हाताचे इतके हुबेहूब अक्षर मी कधी पाहिले नव्हते. पुष्कळ वर्षांपूर्वी अशा अक्षराला मी काय करत असे ते मला आठवले, आणि या वेळी मी अक्षराबद्दल काही बोललो नाही.

"हे तू केलंस तर कोणाला कळणार नाही, महबूब," मी म्हणालो.

"नाही कळणार."

"मग इतका घाबरलास कशाला?"

"करताना हात जरासुद्धा हलला नाही गुरुजी. म्हणून."

कागद त्याने परत घेतला, पण फाडला नाही. तसाच घडी करून खिशात ठेवला. मला वाटले होते की माझ्याशी बोलून त्याचे मन हलके होईल. तसे काही झाले नाही. उलट आता आणखी एका माणसाला माहीत झाले, ही त्याला नवी काळजी लागलेली मला दिसली. परत चालताना त्याने मला दोनदा विचारले की मी श्वेताला सांगणार तर नाही ना.

तो कागद हिबाला सापडला. शनिवारी सकाळी शर्ट धुवायला टाकताना खिसे रिकामे करायचे काम तिचे. तिने वाचला, बापाला विचारले, आणि त्याला उभ्याउभ्या सगळे सांगावे लागले. ती पोरगी निम्मे इंग्रजीतच बोलते, बापाशीही. ती रागावली नाही. औषधांच्या खिडकीवर बसणारी मुलगी. चुकीची नोंद म्हणजे काय हे तिला त्याच्यापेक्षा जास्त रोखठोक माहीत होते. ती एवढेच म्हणाली, "दोन लाइन झाल्या, अब्बा. आता फुल पेज नको." आणि रक्ताच्या तपासणीची वेळ फोन करून रद्द केली. रहिमाने आतून ऐकले आणि आजार नाही हे कळल्यावर खालीच बसली. मग म्हणाली, "इतकाच ना? मग जाऊन सांगा. घर आपल्याला बुरोंडीतपण हाय." हे सांगताना महबूबचे डोळे भरून आले होते, कारण तीन वर्षांपूर्वी हिबाला सोडून जायच्या भीतीने मुकी झालेली बाई हीच.

रविवारी सकाळी तो सलव्याला दोन थांबे आधी उतरला आणि चालत गेला. दिवाणियात अबू फहद एकटेच होते. इथल्या रिवाजाप्रमाणे नोकराने छोट्या कपात कॉफी ओतली. कप रिकामा करून जरा हलवला की पुरे असा अर्थ. नाही हलवला तर तो ओतत राहतो. एकतीस वर्षे इथे काढलेला महबूब कप हलवायचा विसरला. पाच कप कडू कॉफी पोटात गेली. शेवटी अबू फहदनीच हात पुढे करून त्याचा कप हलवला आणि नोकराला जायला सांगितले.

महबूबने वही उघडून चारशे दोन आणि चारशे तीन पाने दाखवली. मग यादी दाखवली. मग सांगितले. त्यांची बोलणी हिंदीत झाली. मी ती मराठीत लिहितो आहे.

अबू फहदनी चष्मा लावून दोन्ही पाने पाहिली. छापील आकड्यांवरून बोट फिरवले. विचारले, "किती ओळी तुझ्या?"

"दोन."

"आणि बाकीची चारशे अकरा?"

"खरी आहेत."

"ते मला कसं कळणार?"

महबूब सांगत होता, की रागावतील, हाकलतील, ओरडतील, या सगळ्यांची उत्तरे तो मनात घेऊन गेला होता. हा प्रश्न त्यात नव्हता. त्याच्या सगळ्या कामाचे, कोळशाचे, मुशींचे, बहिणीच्या लग्नाच्या रजेचे काय झाले ते त्याला त्या एका वाक्यात दिसले. तीन वर्षांत वाचलेले एकूण एक पत्र आता खोटे असू शकत होते. त्याने खिशातला बटर पेपर काढून पुढे ठेवला आणि तो काय आहे तेही सांगितले. हे सांगायला त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही, हिबाही नाही.

अबू फहदनी तो कागद उजेडात धरून पाहिला. मग घडी करून आपल्या खिशात ठेवला. म्हणाले, आज घरी जा.

चार दिवस फोन आला नाही. रहिमाने कपाटावरून दोन जुन्या बॅगा काढून उन्हात ठेवल्या. कारण विचारले तर म्हणाली, वास येतोय. महबूबने मला फोन करून दापोलीत निवृत्त माणसाला करण्यासारखे काही काम असते का ते विचारले. मी म्हणालो, मी तरी अजून शोधतोच आहे.

पाचव्या दिवशी बोलावणे आले. दिवाणियात डॉक्टर नूरा बसल्या होत्या. अबू फहद यांनी ठरवले होते की सगळी यादी पहिल्यापासून तपासायची. महबूबने मूळ पत्र मोठ्याने वाचायचे, डॉक्टर नूरांनी यादीतली नोंद बघून खूण करायची. प्रदर्शन एक महिना पुढे. डॉक्टर नूरा त्याच्याशी सभ्यपणे वागल्या, पण पहिले दोन दिवस त्यांनी त्याच्याकडे न बघता खुणा केल्या. आवडलेली ओळ खोटी निघाल्याचा तो राग होता, आणि तो रास्त होता असे महबूबच म्हणतो.

एकोणीस दिवस वाचन चालले. घसा बसला की रहिमा ज्येष्ठमधाची काडी द्यायची. त्यात त्याच्या दोन खऱ्या चुका सापडल्या. एका ठिकाणी त्याने तीसऐवजी तेरा लिहिले होते, एका ठिकाणी अधिकाऱ्याचे नाव चुकले होते. दुसऱ्या वेळी डॉक्टर नूरांनी पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाल्या, एवढ्या मोठ्या यादीत दोनच, माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला हवी. पण तीनशे सतरा वाचून झाले आणि पुढचे पान उलटायची वेळ आली तेव्हा डॉक्टर नूरांनी नुसती एक खूण केली आणि तो तीनशे एकोणीस वाचू लागला.

शेवटच्या दिवशी अबू फहदनी त्याला एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, झाले ते लिही. तुझ्या स्वतःच्या अक्षरात. प्रदर्शनात तीनशे अठराच्या जागी ते ठेवायचे.

महबूबला वाटले होते की सगळे संपले; हे त्याहून कठीण होते. प्रदर्शनाला निम्मे ओळखीचे येणार. अर्दियाचे जुने लोक, कोकणी मंडळाचे लोक, हिबाच्या दवाखान्यातल्या मुली. त्याने मागून एक दिवस घेतला. मला मसुदा दाखवायला आणला तेव्हा मी एक शब्दही बदलला नाही. तो इंग्रजीत होता; मराठीत असा :

'संदर्भ : मूळ वही, पाने ४०२ व ४०३. विषय : क्रमांक ३१८. या क्रमांकाचे पत्र वहीत नाही आणि पूर्वीही नव्हते. मूळ कारकुनाकडून क्रमांक सुटला असावा. यादी करताना मी ती जागा माझ्या मनाने भरली. त्या ओळी टांकसाळीच्या नाहीत, माझ्या आहेत. त्याबद्दल त्या कारकुनाकडे काही दोष नाही. महबूब बुरोंडकर, यादी करणारा.'

प्रदर्शनाला मी गेलो होतो. पत्रांच्या सहा काचेच्या पेट्या, मधोमध ठेवलेल्या पेटीत हा कागद. महबूब त्या पेटीपासून सर्वांत लांब, दाराशी, चपलांच्या रांगेजवळ उभा होता. माणसे आजोबांच्या रुपयांपाशी थांबत, मग तिथे येत, वाचत आणि इकडेतिकडे बघत. कंपनीतला त्याचा एक जुना सोबती वाचून सरळ त्याच्यापाशी आला. महबूब खाली बघू लागला. तो गृहस्थ हळूच म्हणाला, "माझ्या वहीत असे तीन आहेत. कुणी विचारलं नाही म्हणून." आणि पुढे जाऊन त्याने सामोसा घेतला.

मार्चमध्ये इकामा झाला. गेल्या वेळी अबू फहदनी दोन वर्षांचा केला होता. या वेळी एका वर्षाचा केला. रहिमाने बॅगा परत कपाटावर टाकल्या, पण पूर्वीसारखी त्यांच्यावर चादर घातली नाही. तो बटर पेपर अबू फहद यांच्या खिशातून कुठे गेला ते अजून कळलेले नाही. महबूब अधूनमधून त्याचा विषय काढतो आणि आपणच बदलतो.

मी परत निघायच्या आधीच्या शुक्रवारी तो आला, सांदणांचा डबा घेऊन. दुसऱ्या वहीची यादी त्याच्या फोनवर होती. तिथेही त्याच कारकुनाकडून एक क्रमांक सुटला होता, सत्तावन्न. महबूबने फोन माझ्यासमोर धरला. सत्तावन्नसमोर तारीख नव्हती, विषय नव्हता. गोषवाऱ्यात लिहिले होते, 'मूळ वहीत पत्र नाही.' बाकी रकाने पांढरे.

"रेघसुद्धा नाही ओढलीस?" मी विचारले.

"डॉक्टर नूरा म्हणाल्या नको." तो खुर्चीच्या कडेवर जरा आणखी पुढे सरकला. "दिवसातून तीनदा उघडून बघतो, गुरुजी. अजून तसंच आहे."